कारवानची रक्तरेषा बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते आणि गेली १४ वर्षं कारवान जातीची कुत्री सांभाळते, वाढवते. या काळात माझ्या घरी पाच वेतं झाली. पिल्लू मागायला येणारे, स्वतः प्रजनन सुरू करू पाहणारे आणि 'हे सगळं कशासाठी?' असं कळकळीनं विचारणारे लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

रक्तरेषा म्हणजे नेमकं काय? जातिवंत जोडी लावली की रेषा तयार होत नाही का?

नाही. जातिवंत नर आणि जातिवंत मादी एकत्र आणली की जातिवंत पिल्लं होतात, एवढंच. रेषा म्हणायची ती तीन-चार पिढ्यांनंतर. त्या घरातलं कुठलंही पिल्लू पाहिलं की ठरावीक बांधा, ठरावीक चाल आणि ठरावीक स्वभाव दिसेल अशी खात्री वाटू लागते, तेव्हा. गावाकडे बैलांच्या किंवा गाईंच्या बाबतीत 'अमक्याच्या दावणीचं जनावर' म्हणतात, त्यात जी खात्री असते तीच.

इथे एक गोष्ट उशिरा कळते. पिल्लाला आईकडून निम्मे आणि वडिलांकडून निम्मे गुणसूत्र मिळतात, कुत्र्यात एकूण ७८. पण आजीचा वाटा सरासरीनंच पाव असतो. एकाच वेतातल्या एका पिल्लात तो जास्त येतो, दुसऱ्यात कमी. त्यामुळे आजी डोळ्यांसमोर ठेवून जोडी ठरवली तरी आजी कुठल्या पिल्लात उतरली आहे, हे वर्ष-दीड वर्ष वाट पाहिल्याशिवाय समजत नाही. तोवर ते पिल्लू बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरी असतं.

कारवानच का?

कारण ती आपली आहे. लातूर, सोलापूर, सांगलीपासून कर्नाटकातल्या बागलकोटपर्यंतच्या पट्ट्यात धनगर आणि शेतकरी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. नजरेनं सावज टिपून पळणारी, लांब पायांची, खोल छातीची आणि आत ओढलेल्या पोटाची ही जात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून तिला मुधोळ हाउंड हेही नाव आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. २००५ साली टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये भारतीय जातींचा उल्लेख केला आणि माझ्याकडे फोन वाढले. त्यातले बरेच फोन 'उद्या मिळेल का?' असे होते.

माझी पहिली मादी हरणी लातूरकडच्या एका मेंढपाळाकडून आली. तिच्या आईवडिलांचा वंशावळीचा कागद नव्हता. पण तिच्या आईचं पळणं मी शेतात उभं राहून पाहिलं होतं.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे शक्य आहे का?

एक-दोन कुत्री नीट पाळणं शक्य आहे. रेषा एका फ्लॅटमध्ये बांधणं शक्य नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा थांबून सांगते.

रेषा टिकवायची तर एका वेळी निदान सात-आठ प्रौढ कुत्री प्रजननासाठी विचारात असायला हवीत. एवढी कुत्री मुंबईतल्या घरात ठेवणं हा त्या कुत्र्यांवरही अन्याय आणि शेजाऱ्यांवरही. काही जण बदलापूर, कर्जतकडे जागा घेऊन तिथे कुत्री ठेवतात आणि गडी नेमतात. मी तो मार्ग घेतला नाही. कारवान मुळात माणसांना बिचकून असते. लहानपणी घरात माणसांत वाढली नाही, तर मोठेपणी डॉक्टरला हातही लावू देत नाही.

मी पालक घरं शोधली. माझ्याकडे तळमजल्याच्या घरात दोनच कुत्री असतात. बाकीची भांडुप, कळवा, पनवेल, वसई अशा ठिकाणी लोकांच्या घरी आहेत. कुत्रं त्यांचं, माया त्यांची, रोजचा खर्चही त्यांचा. आमच्यात लेखी करार असतो : दोन वर्षांची झाल्यावर तपासण्या करायच्या, आणि मादी योग्य ठरली तर वेताचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. त्यांचं मन नसेल तर विषय तिथेच संपतो. असं दोनदा झालं आहे. त्यातली एक मादी मला फार हवी होती. पण ती ज्यांच्या पायाशी झोपते, त्यांचा शब्द शेवटचा.

पळण्याचं म्हणाल, तर रोज सकाळी साडेपाचला मी बंद कुंपणाच्या मैदानावर जाते. या जातीला रस्त्यावर मोकळं सोडू नका, कितीही शिकवलेली असली तरी. मांजर दिसलं की कान बंद होतात आणि समोरून बस येते आहे हे तिला कळत नाही.

सोसायटी अडवू शकते का?

कुत्रा पाळण्याला सोसायटी मनाई करू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं तशी मार्गदर्शक तत्त्वं काढलेली आहेत. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीजची लस मात्र वेळेवर हवी. पिल्लांचा आठ आठवडे चालणारा गोंगाट आणि वास ही वेगळी बाब आहे. वेताआधी मी मजल्यावरच्या तिन्ही घरी स्वतः जाऊन सांगते.

सुरुवात नरापासून करावी की मादीपासून?

मादीपासून. चांगला नर दुसऱ्याचा वापरता येतो, चांगली मादी कुणी देत नाही.

कायदा काय सांगतो?

२०१७ साली केंद्र सरकारनं श्वान प्रजनन आणि विक्रीबाबत नियम केले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय प्रजनन करता येत नाही, मग तुम्ही ते घरात करा की फार्मवर. मादी किमान १८ महिन्यांची हवी. वर्षातून एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचांहून जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मायक्रोचिप आणि नोंदी ठेवणं बंधनकारक आहे.

हे किमान नियम आहेत. मी एका मादीची दोनच वेतं घेते.

'जवळच्या नात्यात जोडी लावली की गुण पक्के होतात' हे खरं का?

गुणही पक्के होतात आणि दोषही. दोन्ही एकाच दोरीनं बांधलेले आहेत.

हे मोजण्याची पद्धत आहे. सूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२२ साली अंतःप्रजनन गुणांक मांडला. सख्ख्या भावंडांची जोडी लावली तर पिल्लांचा गुणांक २५ टक्के येतो, सावत्र भावंडांचा १२.५ टक्के, सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांचा ६.२५ टक्के. मागच्या पिढ्यांतही नाती असतील तर यात भर पडते. अर्थ सोपा आहे : एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकाची तीच प्रत पिल्लाला आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता. ती प्रत देखण्या मानेची असेल तर चांगलंच. आंधळेपणाची असेल तर?

लपलेला दोष असा चालतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः निरोगी पण दोषाची एक प्रत अंगात असलेले, तर प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल, तर आजारी कुणीच नाही, पण निम्मी पिल्लं पुढचे वाहक. म्हणजे दोष दोन-तीन पिढ्या शांत राहतो आणि तुमची रेषा नावारूपाला आली की वर येतो.

माझ्याकडून हे घडलं आहे. हरणीच्या दुसऱ्या वेतासाठी मी तिच्याच भागातला एक उत्तम नर निवडला. कागद दोघांचेही कोरे. सात पिल्लं झाली, त्यातली तीन पहिल्या आठवड्यात गेली. महिन्याभरानं मेंढपाळाच्या घरी बोलता बोलता कळलं, की दोघांचा बाप एकच होता. ती पिल्लं त्यामुळेच गेली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लं जाण्याची कारणं खूप असतात. पण मी विचारलं असतं तर मला ते आधीच कळलं असतं. त्यानंतर मी कोऱ्या कागदावर विसंबले नाही. गावात जाते, दोन-तीन घरी वेगवेगळं विचारते, वहीत लिहिते आणि जुळलं तरच पुढे जाते.

आता जोडी लावताना सहसा ६ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि दर तिसऱ्या पिढीत बाहेरचं रक्त आणते. त्यानं सारखेपणा थोडा सैल होतो. होऊ दे.

जोडी लावण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

ब्रुसेलाची तपासणी नर-मादी दोघांची, दर वेळी. हा आजार गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. डोळे, हृदय, थायरॉइड यांच्या तपासण्या. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या जातींत खुब्याचा एक्स-रे अत्यावश्यक, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर.

मुंबईत आणखी एक हवीच, ती गोचिडांपासून होणाऱ्या तापाची. एर्लिचिया आणि बबेसिया हे दोन आजार आपल्या दमट हवेत कायमचे पाहुणे आहेत. एर्लिचिया अंगात मुरला की मादी वरून ठणठणीत दिसते, पण रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात आणि विताना रक्तस्राव थांबत नाही. बिजली, म्हणजे हरणीची मुलगी, पहिल्यांदा लावायची ठरली तेव्हा तिच्या रक्तात एर्लिचिया निघाला. नर ठरलेला, पालक घरं यादीत, सगळं तयार. तो माज सोडून दिला. औषधं पूर्ण केली, पुन्हा रक्त तपासलं आणि पुढच्या माजाला जोडी लावली. अशा वेळी थांबता येणं यातच निम्मं काम आहे.

दिवस चुकवू नयेत म्हणून रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करते. 'अकराव्या दिवशी नर दाखवा' हा ठोकताळा प्रत्येक मादीला लागू पडत नाही.

वेताच्या वेळी काय काय होतं?

गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. महिन्याच्या आसपास सोनोग्राफी, पंचावन्नाव्या दिवसानंतर पिल्लं मोजायला एक्स-रे. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा ताप मोजायचा. तो ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला की बहुधा पुढच्या २४ तासांत कळा सुरू होतात. मादी चादर उकरू लागते, खाणं सोडते, धापा टाकते. पिल्लं जन्मली की पहिल्या २४ तासांत आईचा चीक पोटात गेलाच पाहिजे. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. मुंबईत थंडी कुठे असते असं वाटतं, पण जानेवारीतल्या पहाटेचा गारवाही नवजात पिल्लाला सोसत नाही. उलट मे महिन्यात त्याच पेटीत ते उकडून निघतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं वजन करते. एक दिवस जरी वजन वाढलं नाही, तरी मी त्या पिल्लापाशी बसून राहते.

बिजलीचं दुसरं वेत जुलैत आलं. आठ पिल्लं आहेत हे माहीत होतं. रात्री अकरापर्यंत पाच झाली आणि मग कळा येत राहिल्या, पिल्लू येईना. जोराच्या कळा असूनही अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू आलं नाही तर दवाखाना गाठायचा, हे मला पाठ होतं. पण बाहेर पाऊस कोसळत होता आणि रस्त्यावर पाणी भरलेलं. पोचायला तीन तास लागले. सिझेरियन झालं. अडकलेलं पिल्लू आणि त्याच्या मागचं, दोन्ही गेली होती. शेवटचं जिवंत निघालं. डॉक्टरांनी ते टॉवेलमध्ये चोळत माझ्या हातात दिलं, तेव्हा त्याचं अंग निळसर होतं आणि रडण्याचा आवाज नव्हता. चार-पाच मिनिटांनी आवाज आला. तीच कोयना. आज ती सहा वर्षांची आहे आणि हे लिहिताना माझ्या खुर्चीमागे झोपली आहे.

तेव्हापासून एप्रिल ते जुलै या काळात मादी माजावर आली तर मी जोडी लावत नाही. आणखी एक : ग्रेहाउंडच्या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते, भुलीची काही औषधं त्यांच्या शरीरातून हळू उतरतात. दवाखान्यात शिरताक्षणी हे सांगा. डॉक्टरांना माहीत असलं, तरी सांगा.

यात पैसे मिळतात का?

माझ्या वहीत पाचपैकी एका वेतानं खर्च भरून काढला. तपासण्या, नराकडचा प्रवास, सोनोग्राफी, सिझेरियन, आठ आठवड्यांचं खाणं, जंतनाशक, लस, चिप, आणि कामावरची महिनाभराची रजा. मी एका लेखापालाच्या कार्यालयात काम करते, त्या पगारावर हे चालतं. दर माजाला वेत घेणाऱ्याला पैसे उरतात. ते कुणाच्या अंगातून उरतात, हे त्याच्या माद्या पाहिल्या की दिसतं.

पिल्लू कुणाला देता?

जो मला उलट प्रश्न विचारतो त्याला. 'हिची आजी किती वर्षं जगली? कशानं गेली?' असं विचारणारा माणूस भेटला की माझी अर्धी चिंता मिटते. बंगल्याच्या राखणीला साखळीनं बांधायला हवी असेल, तर देत नाही. घरातली सगळी माणसं पिल्लू बघायला आली नाहीत, तर देत नाही. न्यायला येईपर्यंत तीन भेटी होतात. काही लोक रागावून निघून जातात.

मी एकच गोष्ट मागते : खबर. दर वर्षी एक फोन, एक फोटो, आणि आजारपण आलं तर ते न लपवता कळवणं. पाच वेतांत ३१ पिल्लं जन्मली, २६ जगली. त्यातल्या २१ जणांची खबर माझ्याकडे आहे. उरलेल्या पाच घरांनी नंबर बदलले किंवा फोन घेणं सोडलं. बाहेरच्याला वाटेल, २१ म्हणजे पुष्कळ. पण त्या पाचांत काय निघालं, कुणाचे डोळे गेले, कुणाला झटके आले, हे मला कधीच कळणार नाही, आणि पुढची प्रत्येक जोडी मी त्या पाच कोऱ्या ओळींसकट ठरवते. माझी रेषा माझ्या घरातल्या दोन कुत्र्यांत नाही. ती त्या २६ घरांत आहे, आणि त्यांनी सांगितलं तेवढीच मला दिसते.

सगळ्यात मोठं दुःख कोणतं?

वारू. बिजलीच्या पहिल्या वेतातला नर. माझ्या १४ वर्षांत इतका सुरेख कुत्रा झाला नाही. खांद्याचा कोन, पाठीची रेघ, आणि पळताना चारही पाय जमीन सोडायचे तो क्षण. शोमध्ये जजनं त्याला पाहून पुन्हा एक फेरी मारायला लावली होती, केवळ चाल बघायला. त्याच्याकडे मागण्या आल्या. मी दोन माद्यांना तो दिला. अकरा पिल्लं झाली.

तीन वर्षं चार महिन्यांचा असताना एका रात्री त्याला झटका आला. आठवड्यानं दुसरा. तपासण्यांत दुसरं काही कारण सापडलं नाही. कारण न सापडणारी अपस्मारी प्रवृत्ती कुत्र्यांत साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात दिसू लागते आणि ती वंशातून येऊ शकते. कारवानमध्ये ती आधी ओळखता येईल अशी चाचणी माझ्या हाताशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या अकरा घरांना आणि वारूच्या सगळ्या भावंडांच्या घरांना फोन लावले. काय झालं ते सांगितलं, या पिल्लांची वेतं घेऊ नका म्हणाले. एका ओळखीच्या ब्रीडरनं मला सुचवलं होतं, की हे बोलू नकोस, नाव जाईल. दोन माणसांनी खरोखरच संबंध तोडले. एका घरानं मात्र तेव्हाच सांगितलं, की त्यांच्या कुत्रीला सहा महिन्यांपासून झटके येत होते आणि माझी फजिती नको म्हणून ते गप्प होते.

बिजलीची वेतं थांबवली. वारूची सख्खी भावंडं बाजूला काढली. सहा वर्षांचं काम एका आठवड्यात निम्म्यावर आलं. कोयना दुसऱ्या बापाची होती, तरी तिच्या बाबतीत साडेतीन वर्षांची होईपर्यंत थांबले. तिच्या वेतातल्या एकालाही काही झालं नाही, तेव्हा कुठे तिचं एक वेत घेतलं. वारू गोळ्यांवर आणखी तीन वर्षं चांगला जगला, माझ्याच घरी.

शो जिंकणं किती महत्त्वाचं?

परक्या डोळ्यांनी आपली कुत्री पाहिली जातात, म्हणून जावं. घरच्या मायेला दोष दिसत नाहीत. पण जज दोन-तीन मिनिटं पाहतो; रक्त, स्वभाव आणि आयुष्य त्याला दिसत नाही. एकच विजेता नर सगळ्यांनी वापरला, की दहा वर्षांनी सगळी जात एकमेकांची सावत्र भावंडं होते. आधीच थोड्या असलेल्या कारवानला हे परवडणार नाही.

रस्त्यावर इतकी कुत्री असताना नवीन पिल्लं जन्माला का घालायची?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. तुम्हाला सोबतीला कुत्रा हवा असेल, तर आधी रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घ्या. मी आलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना हेच सांगते, आणि त्यातल्या काहींनी घेतलंही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडच्या जुन्या जातींची जनावरं कागदावर नावापुरती उरू नयेत. मेंढपाळांची फिरस्ती कमी झाली, तशी ही कुत्री ठेवण्याचं कारणही गेलं. दोन-तीन वर्षांतून एखादंच वेत, तेही घरं आधी ठरवून आणि परत घेण्याची हमी देऊन. माझ्या माहितीत तरी माझ्या एकाही पिल्लाला आजवर रस्ता पाहावा लागलेला नाही. तीन परत आली, ती मी ठेवली किंवा पुन्हा नीट घरी दिली.

मग समाधान कशात आहे?

हरणी दोन वर्षांपूर्वी गेली, बाराव्या वर्षी. शेवटच्या महिन्यांत तिला मैदानापर्यंत गाडीनं नेत असे. ती कडेला चटईवर बसायची. एका सकाळी पनवेलहून कोयनाची मुलगी तुंगी आली होती, सहा महिन्यांची, पहिल्यांदाच मोकळी सुटलेली. ती वळणावर डावा खांदा खाली टाकून, शेपटी एका बाजूला ठेवून वळली. हरणी तशीच वळायची. कोयना तशी वळत नाही, बिजलीही वळत नसे. दोन पिढ्या ते कुठे होतं?

तुंगीच्या घरच्या काकूंनी विचारलं, ताई, काय झालं? मला बोलता आलं नाही. मी नुसतं चटईकडे बोट दाखवलं.

सध्या पिल्लू मिळेल का?

नाही. तुंगी अडीच वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिचं रक्त आणि डोळे तपासायचे आहेत. नर सांगलीकडचा पाहिला आहे. त्याच्या बापाच्या घरी एकदा जाऊन यायचं बाकी आहे. हे सगळं जुळलं, तर पुढच्या उन्हाळ्याआधी वेत होईल. यादीत सध्या नऊ घरं आहेत.